समईभोवतीची काच

रविवार, १० नोव्हेंबर २०२४. दुपारची जेवणं उरकल्यावर, तासगावजवळच्या आमच्या घराचा सोपा.

हजर: थोरले दीर, दिवाणावर, पाठीला लोड. थोरल्या जाऊबाई, खाली सतरंजीवर, पुढ्यात लसूण सोलायचं सूप. माझे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, खुर्चीत ताठ. मी, दाराजवळच्या स्टुलावर, कारण मला सारखं उठावं लागतं. धाकटी जाऊ, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन.

गैरहजर: धाकटे दीर. तेही फौजेत होते. गाडी दरीत गेली, त्याला तीन वर्षं होऊन गेली. शिवाय त्यांची मुलगी, वय नऊ. गोष्ट लहान पोरांची नाही म्हणून तिला परड्यात शेळीला पाला घालायला पाठवलं होतं.

आमच्या द्राक्षबागेतल्या बायकांची हजेरी वर्षानुवर्षं मीच घेत आले आहे, त्यामुळे चार माणसं कुठं बसली की कोण आहे आणि कोण नाही हे माझ्या डोक्यात आपोआप उतरतं. घरातल्या कामांची यादी फ्रिजवर लावलेली असते. थोरले दीर त्यावरून मला 'सुभेदारीन' म्हणतात. यजमानांना फौजेनं पद दिलं, मला दिरांनी.

त्या दुपारी आम्ही टीव्हीवर एक मालिका लावली होती. खऱ्या गुन्ह्यावर बेतलेली, अमेरिकेतली, हिंदीत बोलणारी. माझा मुलगा पुण्याहून दिवाळीला आला होता, तो जाताना टीव्हीत कायकाय भरून गेला, त्यातलीच ही. मॉर्मन नावाचा तिकडे एक धर्मपंथ आहे. त्यातल्या बहुतेकांनी अनेक बायका करायची चाल कधीच सोडून दिली. पण काही कट्टर टोळ्या फुटून निघाल्या आणि जुनंच धरून बसल्या. अशाच एका टोळीची ही गोष्ट. डोंगराच्या आडोशाला वस्ती, एकसारख्या फिक्या झग्यातल्या बायका, कपाळावर उंच वळवलेले केस, आणि सगळ्यांवर एक कर्ता पुरुष. त्याच्या घरातल्या एका सुनेचा खून होतो. ती मुली घेऊन वस्ती सोडून निघाली होती. तपासाला येणारा पोलीसही मॉर्मनच, पण सुधारलेल्या शाखेतला, रोज प्रार्थना करणारा.

कर्त्या पुरुषाला देवाचे आदेश येत. तो आतल्या खोलीत जायचा, बाहेर आला की हातात कागद. आज देवानं सांगितलं, अमकीनं तमक्याच्या घरात राहायचं. उद्या देवानं सांगितलं, वरची जमीन माझ्या नावावर करायची. बायका मान खाली घालून ऐकायच्या.

थोरले दीर हसायला लागले. "ह्येला जे पायजे, बरोबर त्येच देव सांगतोय की."

यजमान म्हणाले, ऑर्डर वरून आली म्हटलं की खालचा विचारत नाही, सगळीकडे असंच. थोरल्या जाऊबाईंना मात्र बायकांचाच राग आला. एवढ्या धडधाकट बाया ऐकून कशा घेतात, लाटणं नाही का घरात, असं त्या लसणाच्या पाकळीला नखानं टोचत म्हणाल्या.

धाकटी तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "त्यास्नी जायाला जागा कुठं हाय, अक्का?"

मग दीर लोड सारखा करत म्हणाले, "आपल्यात बरं हाय. आपन आपल्या मनाचं काय सांगत न्हाई. पाकळी सांगती."

हे पाकळीचं सांगायला हवं. आमच्या घरचा देव अंगणातल्या वेगळ्या खोलीत आहे. काळ्या दगडाचा, हातभर उंच. त्याला कौल लावतात. दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. थोरले दीर कौल लावतात, त्याआधी सासरे लावायचे. बागेची छाटणी कधी धरायची, बोअर कुठं मारायची, पोरगी कुठं द्यायची, सगळं तिथं ठरतं. गावातलीही माणसं येतात. आणि हेही लिहायला हवं, की थोरल्या दिरांनी कौलात कधी हात घातलेला मी पाहिलेला नाही. ते दारू पीत नाहीत, खोटं बोलत नाहीत, बाप गेल्यावर दोन्ही भावांना त्यांनीच वाढवलं. लबाड माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या रविवारी धाकटीचा प्रश्न होता. साताऱ्यात मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिकेच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. मुलाखत झाली, निवड झाली. दोन डिसेंबरला हजर व्हायचं होतं. राहायला खोली मिळणार होती, मुलगी बरोबर चालणार होती, शाळा समोरच. यातलं प्रत्येक काम मी तिच्याबरोबर बसून केलं होतं. झेरॉक्स, फोटो, तहसीलचा दाखला, मुलाखतीची साडी. शेवटचं एक काम राहिलं होतं, ते म्हणजे थोरल्या दिरांना सांगणं. ते तिनं स्वतः केलं. ते चिडले नाहीत. "लांबचं काम हाय," म्हणाले, "इचारू."

दिवेलागणीला आम्ही घरचेच सगळे देवाच्या खोलीत बसलो. शेवंतीच्या पिवळ्या पाकळ्या. दिरांनी विचारलं, "धाकट्या सुनंनं नोकरीला साताऱ्याला जावं का?" समईची ज्योत काचेच्या आत सरळ उभी होती. थोरल्या जाऊबाईंचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी न पडता जराशी उडत कोपऱ्यात गेली.

"न्हाई म्हंतोय," दीर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. धाकटीनं नमस्कार केला आणि ती पोरीची वेणी घालायला निघून गेली. तक्रार नाही, रडणं नाही. टीव्हीतल्या बायकांसारखी मान खाली, फक्त झग्याच्या जागी साडी.

सकाळी देवाची खोली मी झाडते. दुसऱ्या दिवशी झाडताना ती पाकळी कोपऱ्यात सापडली. त्याच कोपऱ्यात, जिथं दिवाळीच्या आधी बोअरच्या कौलाची पाकळी सापडली होती. आणि त्याआधी चुलत पुतण्याच्या सोयरिकीची. मी केरसुणी ठेवली आणि उंबऱ्यावर बसले. गेल्या तीन-चार वर्षांत देवानं कशाला होय म्हटलंय ते आठवायला लागले. बोअर नाही, सोयरीक नाही, द्राक्षाची नवी जात लावायची नाही, माझ्या मुलानं परदेशी जायचं नाही. तो मग घर सोडून पुण्याला गेला, ते वेगळं. होय एकदाही नाही. पूर्वी असं नव्हतं. त्याआधी दिरांच्या हातूनही देव दोन्ही बोलायचा.

मग मी वर बघितलं. देवाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर पंखा आहे. धाकट्या दिरांनी शेवटच्या सुट्टीत बसवला. आरतीला माणसं घामाघूम होतात म्हणून. वायरिंग त्यांनी स्वतः केलं आणि घाईत पंखा आणि ट्यूब एकाच बटणावर घेतली, पुढच्या सुट्टीत वेगळी करू म्हणाले. पुढची सुट्टी आली नाही. तेव्हापासून ट्यूब लावली की पंखा फिरतो, थंडी असो, ऊन असो. वारा थेट देवाच्या डाव्या खांद्यावर. ओली पाकळी त्या बाजूला आधी वाळणार, आधी सुटणार, कोपऱ्यात जाणार. यात देवाचा काय संबंध?

आणि समई? पंखा बसवला त्याच महिन्यात समई सारखी विझायला लागली होती. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी सांगलीहून काच आणवली, मीच यादीत लिहिलं होतं. ज्योतीला वारा लागतो हे घरातल्या सगळ्यांना कळलं. पाकळीला वारा लागत असेल हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. काच पुसतेय मी रोज.

बागेत त्या दिवशी घडांच्या विरळणीचं काम चालू होतं. बायका पुढच्या ओळीत गेल्यावर मी धाकटीला सगळं सांगितलं, बोटानं हवेत खोली काढून, इथं देव, इथं पंखा, इथं कोपरा. मला वाटलं ती हसेल, निदान सुटकेचा श्वास सोडेल. ती हातातला घड बघत राहिली.

"पंखा त्यांनी लावलाय, ताई," ती म्हणाली. "म्हंजी त्येच नको म्हनत्यात."

मी तिला म्हटलं, अगं, त्यांनी वायरिंग चुकवलं. ती म्हणाली, त्यांनी आयुष्यात वायरिंग चुकवलं नव्हतं. एखाद्याला भिंत दाखवावी आणि त्यानं त्या भिंतीलाच नमस्कार करावा, तसं झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच माणसं, त्याच जागा. मालिकेतला पोलीस आता त्या कर्त्या पुरुषासमोर बसला होता. तो विचारत होता, तुला आलेला आदेश देवाचा होता हे कशावरून? कर्ता पुरुष शांतपणे म्हणाला, तू ज्याला प्रार्थना करतोस त्यालाच विचार. पोलिसाचा चेहरा उतरला. यजमानांनी आवाज कमी केला, बहुतेक कुणाला तरी काहीतरी बोलायचंय हे त्यांना कळलं असावं. मी बोलले. पंखा, वारा, कोपरा, बोअर, सोयरीक, एकेक करून, शांतपणे, बागेतल्या कामाचा हिशेब देते तसं.

दीर ऐकून घेत होते. ते कधी मध्येच तोडत नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाले, "सुभेदारीन, पंखा कुणी लावला?"

"धाकट्या भाऊजींनी."

"आन् त्येला तीच भिंत कुणी दावली?"

मी म्हटलं, प्लग तिथं होता.

"देवाला तितं वारा पायजे हुता, म्हनून लावून घेतला त्यानं," दीर म्हणाले. खोटं वाटावं असं त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. खरंच त्यांना तसं वाटत होतं. टीव्हीतल्या माणसाला कागद तरी लिहावा लागत होता. आमच्याकडे पंख्याचाही आदेश झाला.

मी म्हटलं, मग एकदा पंखा बंद करून लावा. ते म्हणाले, एका प्रश्नाला दोनदा कौल नसतो, आणि भावानं बसवलेला पंखा आपण बंद करायचा नाही. यजमान खाकरले. मला वाटलं आता ते काही बोलतील. ते म्हणाले, "घरात दोन ऑर्डरी चालत न्हाईत," आणि रिमोट थोरल्या भावाच्या हातात दिला.

तेव्हा धाकटी उठली. पदर सारखा केला. "दादा, मला इचारायचंय."

"त्योच प्रश्न दोनदा न्हाई, पोरी."

"त्यो न्हाई. येगळा हाय. आज दिवं लागल्यावर इचारीन."

संध्याकाळी दिरांनी पाकळ्या लावल्या आणि तिला विचारायला सांगितलं. तिनं देवाकडे बघितलंच नाही. ती पंख्याकडे बघून म्हणाली, "मी या घरात राहू का?"

प्रश्न उलटा केला होता. डावी पडणार हे तिला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. डावी पडली की देव म्हणणार, राहू नको. मग कोण अडवणार? यादी ठेवून जे मला सुचलं नाही, ते हिला सुचलं, असं मला त्या क्षणी वाटलं. आज तसं वाटत नाही. ती पंख्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तशी युक्ती करणारी बाई बघत नाही. नवऱ्याला विचारत होती ती. खरं काय ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

डावी पाकळी सुटली. कोपऱ्यात गेली.

दिरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना होय येणार अशी खात्री होती, त्यांनी तिला कधी परकं मानलंच नव्हतं. थोरल्या जाऊबाई रडायला लागल्या. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती, पोरीचे कपडे, दाखला, गादी.

"जायाचं बी न्हाई," दीर शेवटी म्हणाले, "आन् ऱ्हायाचं बी न्हाई. म्हंजी माहेर. माहेरी जाऊ दे."

माहेर तिचं कोयनानगरला. वडील धरणावर कामाला होते, ते गेले. आता भाऊ आणि भावजय, दोन खोल्या. धाकटीनं मान हलवली. मग विचारलं, पोरीला कधी घेऊन निघू?

"पोरीचं कुठं इचारलंय देवाला? तुजं इचारलं."

"मग इचारा, दादा."

तिथं मी मध्ये पडले. म्हटलं, विचारा, पण असं विचारा, पोरीनं या घरात राहावं का. मला वाटलं दीर लावतील. त्यांनी पाकळ्यांचं तबक बाजूला सारलं. एका माणसाच्या पाठीमागं एका पंधरवड्यात दोनच कौल असतात, पोर आईच्याच पोटची म्हणजे तिच्यातच धरायची, पंधरवडा सरेपर्यंत पोर इथंच, म्हणाले. लग्न होऊन मी या घरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. हा नियम मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. तरीही मी शपथेवर सांगते, त्यांनी तो जाणूनबुजून काढला नाही. तो त्यांच्या तोंडात आला आणि त्यांनाही तो जुनाच वाटला. आदेश असेच येत असावेत.

ती निघाली त्या दिवशी थोरल्या दिरांनी तिची ट्रंक स्वतः खांद्यावर घेतली. फौजेतली काळी ट्रंक, झाकणावर धाकट्या दिरांचं नाव पांढऱ्या रंगात. ट्रॅक्टरपर्यंत नेली, ट्रॅक्टरनं तासगावच्या स्टँडवर, तिथं एसटीत वर चढवून दिली. बेदाण्याची पिशवी दिली. पोचलीस की फोन कर, म्हणाले. जीव लावणारा माणूस हाकलून देताना किती काळजी घेतो ते मी त्या दिवशी पाहिलं. थोरल्या जाऊबाईंनी घरातून निघताना तिची ओटी भरायला घेतली होती, माहेरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. सवयीनं हात कुंकवाच्या करंड्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग नुसता नारळ दिला.

पोरगी तुळशीच्या कट्ट्याला धरून उभी होती. रडत नव्हती.

"आई कवा येनार?" तिनं विचारलं.

"देवाला म्हाईत, बाई," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, आणि तिला कुशीत घेतलं.

कोयनानगरला धाकटी थोडे दिवस राहिली. भावजयीनं काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, अंदाज सगळ्यांना येईल. दोन डिसेंबरला ती तिथूनच साताऱ्याला गेली आणि वसतिगृहात हजर झाली. मला वाटलं, आता घरात वादळ होणार. काही झालं नाही. दीर म्हणाले, "आमच्या घरातनं गेली न्हाई ती. माहेरातनं गेली." देवाचं वचन मोडलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. घरात पहिल्यासारखं जेवण झालं.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी तिचा फोन आला. खोली बरी आहे, पाणी आहे, खिडकीतून किल्ला दिसतो. मग म्हणाली, "ताई, खोलीत दोन कॉट हायेत. एकीवर ट्रंक ठेवलीया."

तेव्हापासून एक काम माझ्या यादीत आहे, पोरीला साताऱ्याला पोचवणे. त्याच्या पोटातली कामं मी उरकत आणली. शाळेच्या दाखल्याचा अर्ज आणला, आईची सही पोस्टानं मागवली. साताऱ्याच्या शाळेत चौकशी केली. गणवेशाचं माप दिलं. माप दोनदा द्यावं लागलं, पोरगी मध्ये उंच झाली. थोरल्या दिरांनी कशालाच आडकाठी केली नाही. पंधरवडा होऊन गेल्यावर मी पोरीच्या कौलाचं विचारलं, तर म्हणाले चैत्रात लावू. चैत्रात म्हणाले, आता पोरीलाच विचारा, देवाला कशाला? "तिनं जाते म्हटलं तर कोन आडवतंय?"

आणि पोरगी जात नाही म्हणते.

मी तिला बागेत नेऊन विचारलं, घरी विचारलं, शाळेतून येताना विचारलं. आई दिवाळी धरून तीनदा येऊन गेली, गावाबाहेर मावशीकडे उतरली, कारण या घरात राहू नको असं देवानं सांगितलंय आणि ते तीही पाळते. पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, पण निघायच्या वेळी हात सोडवून घेतला. शेवटी एकदा मला सांगितलं, शेळीच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता.

"देवानं आईला घालवली, काकी. मी तिच्यासंगं गेले तर मलाबी तसलीच समजंल."

तिला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. थोरल्या जाऊबाईंनी माया करताना सांगितलं, देवाची मर्जी होती. शाळेत पोरांनी विचारलं, तुझी आई कुठं, तर एकानं परस्पर उत्तर दिलं, हिच्या आईला देवानं काढली. गावात कौल लपून राहत नाही. आमच्या देवाच्या खोलीत फक्त आमचीच माणसं होती असं मी वर लिहिलं, पण पाकळी पडलेली सकाळपर्यंत ओढ्यापलीकडे कळलेली असते.

नऊ वर्षांची होती, आता दहाची झाली. तिला वाटतं तिच्या आईत काहीतरी वाईट आहे, जे देवाला दिसलं आणि तिला दिसत नाही. ती आईला शोधक नजरेनं बघते. मी ते पाहिलंय. धाकटीनंही पाहिलंय, पण ती मान खाली घालते.

ती मालिका आम्ही पुरी बघितली. खुनी सापडले. कर्ता पुरुष तुरुंगात गेला आणि तिथूनही कागद लिहीत राहिला. वस्तीतल्या बायका तो कागद वाचायला जमत. पोलिसानं सगळं उकलून दाखवलं, तारखा, माणसं, पैसा, जमीन. शेवटी तो आपल्या प्रार्थनेच्या घराबाहेर गाडीत बसलेला दाखवला. आत बायको-मुलं प्रार्थनेला बसलेली. तो आतही जात नाही आणि गाडीही चालू करत नाही. थोरले दीर म्हणाले, शेवट काय जमला नाही, तो आत गेला का नाही ते दाखवायला पाहिजे होतं. मी उठून चहा ठेवला.

आता काय करायचं ते मला माहीत आहे. पोरीला सांगून उपयोग नाही. तिच्या आईला सांगितलं, दिरांना सांगितलं, एकीनं पंखा नवऱ्याच्या पदरात घातला, एकानं देवाच्या. तिला दाखवायला हवं. दुपारची वेळ, दीर बागेत, जाऊबाई झोपलेल्या. देवाच्या खोलीचं दार उघडं, उजेडापुरतं, म्हणजे ट्यूब लावायला नको, म्हणजे पंखा नाही. पोरीला समोर बसवायचं. आधी समईची काच काढायची आणि ज्योत सरळ उभी राहते ते दाखवायचं. मग दोन पाकळ्या तिच्याच हातानं लावायच्या. प्रश्न काहीही, बोअरचा विचारला तरी चालेल. पडू द्यायची कुठली पडते ती. मग बटण दाबायचं, पंखा फिरू द्यायचा, पुन्हा लावायच्या. चार-पाच वेळा केलं की दहा वर्षांच्या पोरीला कळतं. इतकं सोपं आहे. अर्ध्या तासाचं काम.

घर चालवणाऱ्या माणसानं इतकं सोपं काम इतके महिने ठेवायचं नसतं. यादीत ते पहिलं आहे. खालची कामं होतात, खोडली जातात, नवी यादी केली की हे पुन्हा वर लिहावं लागतं. कधी पाहुणे येतात, कधी दीर लवकर परततात, कधी पोरीला ताप असतो. ही कारणं खरी आहेत. पण एकदा दुपार मोकळी होती. घरात आम्ही दोघीच होतो, मी तिला हाक मारली, ती हात पुसत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काच काढली. ज्योत सरळ होती. वारा नव्हता. पाण्याची वाटी पुढ्यात होती. तेव्हा माझ्या मनात आलं, आणि आता डावीच पडली तर?

मी पोरीला म्हटलं, जा, शेळीला पाणी दाखव. काच परत बसवली.

बाग छाटून झाली आहे. परवा मी बांधावरची शेवंती तोडून आणली होती, पिवळी, भरपूर पाकळ्यांची. फ्रिजवर ताटलीत ठेवली, यादीच्या अगदी वर. आज सकाळी बघितली तर वाळली होती. पुन्हा आणायची आहे.